जाड पाटा मागू नका

डोळे उघडायच्या आधी नाकाला कळेल, पोचलो म्हणून. कसबा बावड्याच्या साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर, आंबूस वास वाऱ्यावर येतोय. त्यात जळकं इंजिन ऑईल, दगडी कोळसा आणि कार्बाईडचा तो लसणाच्या जातीचा दर्प. आता डोळे उघडा. कोल्हापूर. साल १९७४, जानेवारी, सकाळचे आठ. थंडी आहे, पण स्वेटर काढूनच ठेवा. अर्ध्या तासात घामानं निथळणार आहात.

उद्यमनगराच्या मागच्या अंगाला कौलारू घरांची ही ओळ. पुढून बघाल तर साधंसुधं घर. आतून मात्र ठण्ण-टक-टक, ठण्ण-टक-टक चाललंय. कडी वाजवू नका, या आवाजात ती ऐकणार कोण? सोप्यातून सरळ आत या. भिंतीला टेकलेली सायकल, खुंटीवर पटका, मधल्या घरात चुलीवर चहाचं आधण. चपला काढल्या असतील तर पुन्हा घाला. मागचं दार उघडलं की परडं, आणि या परड्यात कुठलं लोखंड गरम आहे ते नुसतं बघून कळत नाही. काळं दिसणारं लोखंडच जास्त चटके देतं.

शेवग्याखाली एक ट्रक पार्श्वभाग वर करून उभा आहे. मागच्या बोळातून तो कसा आत घातला ते विचारू नका. बोळाच्या दोन्ही भिंतींवर त्याचा हिरवा रंग अजून ओला आहे. टाटा-मर्सिडीज. जर्मन कंपनीशी असलेला करार संपून पाच वर्षं होत आली, पण ही गाडी त्याआधीची, म्हणून जाळीवर तीन टोकांची चांदणी अजून मिरवतेय. मागची चाकं काढलीत. चॅसीखाली जॅक आहे, पण जॅकवर इथं कुणाचा भरवसा नाही, म्हणून बाभळीचे ओंडके रचलेत. बाकी सगळीकडं पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचं ओझं झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या: लांब, आखूड, वाकलेले, मोडलेले, भिंतीला टेकवलेले. एका पाट्यावर मांजर झोपलंय. त्याला माहीत आहे कुठला थंड आहे ते.

कामाला माणसं चार. सल्ला द्यायला चौदा. शेजारचा लेथवाला, गाडीचा ड्रायव्हर, त्याचा मेहुणा, दूध घालायला आलेला गवळी, शाळेला दांडी मारलेली तीन पोरं. ड्रायव्हर रात्रभर गाडीतच झोपलाय, डोळे लाल आहेत. गाळपाचा हंगाम ऐन भरात आहे. गाडी बसली की फडात तोडून पडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, आणि मालक ते सगळं ड्रायव्हरच्या नावावर मांडतो.

"काय पाव्हणं, हात रिकामं हाईत न्हवं? मग पंखा धरा."

हे मेस्त्री. उंची बेताची, मनगटं जाड, भुवया अर्ध्या जळालेल्या. तुम्ही कोण, कुठल्या सालातून आलात, असली चौकशी ते करत नाहीत. पंख्याची मूठ तुमच्या हातात येते. पंखा म्हणजे हातानं फिरवायचा ब्लोअर. आतलं दातेरी चाक घरघरतं आणि नळीतून वारा भट्टीत घुसतो. भट्टी म्हणजे विटा रचून केलेली पाचेक फूट लांबीची चर, कारण ट्रकचा सर्वांत लांब, मेन पाटा अखंड तापला पाहिजे. एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला काळा, असा पाटा वाकडाच निघणार. फिरवा. हळू नको, जोरात नको, एका लयीत. धूर आधी पिवळट येतो, घशात बसतो, मग निखारा धरला की कमी होतो.

तुम्ही पंखा फिरवत असताना मेस्त्री मोडका पाटा उन्हात धरतात आणि सगळी चौदा डोकी पुढं येतात. तुम्हीही मान लांब करा, हे बघण्यासारखं आहे. पाटा मधोमध तुटलाय, पाट्यांची थप्पी एकत्र बांधणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून. तुटलेल्या तोंडाचे दोन भाग दिसतात. भोकाला लागून एक काळपट, गुळगुळीत चंद्रकोर. उरलेला भाग साखरेच्या दाण्यासारखा चकचकीत, खरबरीत. चकचकीत भाग काल रात्री तुटला, खड्ड्यात, एका दणक्यात. काळपट चंद्रकोर मात्र कित्येक महिने जुनी आहे. भोकाच्या काठावर केसाएवढी चीर पडली, प्रत्येक खेपेला थोडी थोडी सरकली, आत पाणी शिरलं, गंज धरला.

"काल मोडला म्हणतोस व्हय?" मेस्त्री ड्रायव्हरला म्हणतात. "ह्यो गेल्या हंगामापास्नं मोडतोय."

ड्रायव्हरच्या तोंडावरचा सुटकेचा भाव बघून ठेवा. खटल्यात पुरावा मिळाल्यावर आरोपीचा चेहरा असाच होत असेल.

एवढ्यात मालक येतात. राजदूतवरून, पांढरं धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांचं म्हणणं एका वाक्यात: "मेस्त्री, दुप्पट जाडीचा पाटा घाला, पुन्हा भानगड नको." सगळे माना डोलावतात. तुम्हीही डोलवाल. जाड म्हणजे मजबूत, हे आपल्याला लहानपणापासून पटलेलंच असतं.

मेस्त्री उत्तर देत नाहीत. कोपऱ्यातला बांबू घेतात, कोयत्यानं एक जाड कांब काढतात, एक पातळ. दोन्ही गुडघ्यावर ठेवून सारख्याच वाकवतात. जाड कांब कट्‌कन मोडते. पातळ वाकते आणि सोडली की सरळ होते.

मेस्त्रींनी आकडेमोड केली नाही, तुमच्यासाठी मी करतो. पाटा दुप्पट जाड केला तर तो आठपट ताठ होतो, हे खरं. पण तो तेवढाच वाकवला तर त्याच्या पृष्ठभागावर ताण दुप्पट येतो. आणि पाट्यांच्या थप्पीत सगळ्यांना बरोबरीनं वाकावंच लागतं. म्हणजे मधे घुसवलेला एकटा जाड पाटा सगळ्यांचा भार अंगावर ओढून घेतो आणि सर्वांत आधी तोच मोडतो. समजा, हट्टानं सगळेच जाड घातले, तर पाटे टिकतील. पण वाकायचं काम मग चॅसी करील आणि चॅसीला ते जमत नाही. भार वाढवायचाय ना, मग त्याच जाडीचा आणखी एक पाटा खाली घाला. हे ऐकून मालक गप्प बसतात. कागदावर जेवढा माल लिहिलाय त्याच्या दीडपट ऊस भरतात तेच, त्यामुळं फार बोलायची सोयही नाही.

तुम्हाला इथं पॅराबोलिक पाट्यांबद्दल सांगायची खुमखुमी येईल: मधे जाड, टोकांकडं निमुळते होत जाणारे, दोन-तीनच पाटे, फक्त मधे आणि टोकांना एकमेकांना टेकणारे. दाबा ती खुमखुमी. या परड्यात रोलिंग मिल नाही आणि तुमचं ऐकायला वेळही नाही.

नवा पाटा नवा नाही, तो भंगारातल्या दोन पाट्यांतून निवडायचाय, दुसऱ्या एका ट्रकच्या. मेस्त्री दोन्हींवर रॉकेलचं फडकं फिरवतात, थोडं थांबतात, कोरड्या फडक्यानं पुसतात, मग खडूची पूड चोळतात. पोरं श्वास रोखून बघतात. चीर असती तर आत शिरलेलं रॉकेल खडूत पाझरून काळी रेघ उमटली असती. पहिल्या पाट्यावर उमटते. तो मांजराशेजारी जातो. दुसरा स्वच्छ. तो भट्टीत.

आता हात भरून येतील, पण पंखा सोडू नका. दाराला गोणपाट बांधून छपराखाली अंधार केलाय, कारण तापल्या लोखंडाचा रंग उन्हात ओळखता येत नाही. आधी मंद काळसर तांबडा. मग डाळिंबी. तोंडावर येणारी धग आता कातडी ओढून धरते, ओठ कोरडे पडतात, शर्टाची बटणं चटका देतात. मेस्त्री तारेला बांधलेला चुंबकाचा तुकडा पाट्याला लावून बघतात. चिकटला. अजून फिरवा. पुन्हा लावतात. आता चुंबक पाट्याला ओळखच दाखवत नाही. पोलाद साधारण ७७० अंशांच्या पुढं गेलं की चुंबकाशी त्याचं नातं तुटतं. थर्मामीटर परवडत नसला तरी हा आकडा मेस्त्रींच्या हाती असतो, फक्त त्यांना तो आकड्यात माहीत नाही. त्याहून थोडा उजळ रंग आला की, "काढ!"

सांडशीत धरून पाटा ऐरणीवर येतो. ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, लाकडी ओंडक्यात ठोकलेला. मेस्त्रींची हातोडी जिथं टक करते तिथंच पोरगेल्या गड्याचा बारा पौंडी घण पडतो. कानात दडे बसतील. टोक आधी पिनेभोवती वळवून गोल डोळा करायचा, त्यात पुढं गनमेटलचं बुश बसेल. वळताना पोलादाचे काळे पापुद्रे उडतात, एखादा तुमच्या पायावर येतो आणि तुम्ही नाचता. पोरं खूष. मग कमान. जमिनीवर खडूनं जुन्या पाट्याची कमान काढून ठेवली आहे, तिच्यावर पाटा धरून बघायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं.

गोणपाट बाजूला करून वहिनी चहाची किटली घेऊन येतात. गुळाचा चहा, आलं ठेचून घातलेलं. दोरीवरचं धुणं बघून त्यांचा चेहरा उतरतो. धोतराच्या एका बाजूला काजळी बसलीय. "त्या भट्टीला परड्याबाहीर घाला, न्हाईतर मला तरी," असं त्या रोज म्हणतात. मेस्त्री रोज "व्हय की" म्हणतात. कपबशी धरायला गेलात की कळेल, पंखा फिरवून हात थरथरतोय. बशीत ओतून प्या, इथं कुणी हसणार नाही.

चहा संपतो न संपतो तोच तुमच्या हातात गोल कानस पडते. काम कंटाळवाणं आहे: सेंटर बोल्टच्या भोकाचे काठ गोल करायचे, वरून आणि खालून, बोट फिरवलं की धार लागता कामा नये. पाट्याच्या कडांवरचे आडवे ओरखडेही घासून काढायचे. तुम्हाला वाटेल, पाहुण्याला फुटकळ काम दिलं. तसं नाही. गाडी भरली की पाट्याच्या वरच्या बाजूला ताण येतो, आणि चीर सुरू व्हायला एक तीक्ष्ण काठ किंवा एक आडवा ओरखडा पुरतो. कारखान्यात याच बाजूवर पोलादी छऱ्यांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभाग आधीच दाबून बसतो आणि चीर उघडत नाही. मेस्त्रींकडं छऱ्यांचं यंत्र नाही. त्यांच्याकडं तुम्ही आहात. घासा.

आता सगळे मागं सरा. पोरांना दोनदा सांगावं लागतं. पाटा पुन्हा तापून उजळलाय आणि जमिनीत पुरलेल्या अर्ध्या पिंपात जळकं तेल भरून ठेवलंय. पाण्यात बुडवला तर हे पोलाद एकदम आकसून तडकतं, तेल जरा सबुरीनं थंड करतं. दोघं दोन टोकांना सांडशी लावून पाटा आडवा आत सोडतात. फस्‌स्‌ आवाज, पांढरा दाट धूर, आणि मग तेलावर जाळ उठतो. छपराच्या पत्र्यापर्यंत. लेथवाला ओलं पोतं घेऊन तयार आहे, पण मेस्त्री हात वर करतात, थांब. जाळ आपोआप बसतो. तुमच्या डोक्यातून जळक्या केसांचा वास येईल. हात लावून बघा, फार नाही गेले.

बाहेर आलेला पाटा काळा, तेलकट, आणि आता फार धोकादायक. त्याच्यावर कानस चालत नाही, घसरते. इतका कडक पाटा गाडीखाली घातला तर पहिल्याच खड्ड्यात काचेसारखा तडकेल. म्हणून त्याला पुन्हा मंद निखाऱ्यावर ठेवायचं आणि कडकपणा थोडा उतरवायचा. किती? इथं रंग उपयोगी पडत नाही. पाटा साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत न्यायचा असतो आणि तिथं धड निळाई उरत नाही, धड लाली आलेली नसते. मेस्त्री सुक्या लाकडाची एक फोक घेऊन पाट्यावर घासतात. आधी नुसती सरकते. मग धुराची रेघ. मग वासात फरक, करपल्यासारखा. शेवटी फोकेच्या टोकाला बारीक ठिणग्या खेळायला लागतात, आणि त्याच क्षणी पाटा बाहेर, भिंतीला टेकवून, आपल्या आपण निवायला. या सगळ्यात त्यांनी एक शब्द उच्चारलेला नाही. चौदा सल्लागारही गप्प होते. दिवसभरातली ही एकमेव शांतता.

जेवायला परड्यातच बसायचं. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची पातळ भाजी, खर्डा. हात धुतलेत तरी भाकरीला तेलाचा वास येईलच. खर्डा जपून घ्या. सकाळपासून तुम्ही जी धग सोसलीत ती बाहेरून होती.

दुपारची कथा चॅसीची. पाटा मोडला तेव्हा धक्का वर गेला आणि पाट्याचं ब्रॅकेट जिथं बसतं तिथं चॅनेलला चीर पडली. मालकांना वेल्डिंग हवंय, झटपट. शेजारी मेस्त्रींचा पुतण्या बंपर वेल्ड करतोय. तिकडं काळ्या काचेशिवाय बघू नका, रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होईल आणि तुम्हाला परतीचा रस्ता सापडणार नाही. चॅसीला मात्र मेस्त्री वेल्डिंगचा दांडा लावू देत नाहीत. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सगळा ताण असतो. तिथं आडवा टाका मारला की टाक्याशेजारीच नवी चीर जाते. त्याऐवजी ते चिरेच्या टोकाला भोक पाडतात. सकाळी भोकानंच पाटा मोडला, आणि आता औषध म्हणून भोक? होय. चिरेचं टोक सुईसारखं असतं म्हणून ती पुढं धावते. गोल भोकात येऊन पडली की तिला धारच उरत नाही. मग उभ्या अंगाला आतून पत्रा, त्याची टोकं तिरकी कापलेली, म्हणजे ताठ भाग एका रेषेत अचानक संपत नाही. आणि रिव्हेट.

इथं तुम्हाला गाडीखाली झोपावं लागेल. पाठीखाली पोतं आहे. तुमच्या हातात एक जड लोखंडी ठोकळा. रिव्हेटचं डोकं मागून दाबून धरायचं. लालभडक रिव्हेट भोकात येतो, वरून घण, आणि ते दणके मनगटातून खांद्यात, खांद्यातून दाढेत पोचतात. डोळ्यांत माती, कॉलरमधून ठिणगी आत. सोडू नका. निवताना रिव्हेट आकसतो आणि दोन्ही पत्रे करकचून जवळ ओढतो. आवळण्याचं अर्धं काम थंडी करते. सगळे रिव्हेट संपेपर्यंत तुम्हाला बोटं आहेत की नाहीत, तेच कळणार नाही.

उन्हं कलताना थप्पी जुळते. बघा, आखूड पाट्यांची कमान लांब पाट्यांपेक्षा मुद्दाम जास्त ठेवलीय. नुसते एकावर एक ठेवले तर मधे फट दिसते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते आणि मेन पाटा भार येण्याआधीच उलट्या बाजूला थोडा वाकून बसतो. म्हणजे ऊस भरल्यावर त्याच्या वाट्याला येणारा ताण तेवढा कमी. पाट्यांमधे ग्रेफाईट घातलेलं ग्रीस, मग थप्पी ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट. पान्याला चार फुटी पाईप घालून दोघं लोंबकळतात. चाकं चढतात, ओंडके निघतात, गाडी जमिनीवर येते आणि दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीवर उभी राहते. मेस्त्री लांब जाऊन एक डोळा मिटून बघतात. नुसती मान हलवतात.

पैशाची घासाघीस दिवेलागणीपर्यंत चालते. मालक पाट्याचे पैसे देतात, भोकाचे काठ घासल्याचे नाही. "भोक तर आधीपास्नंच हुतं की," असा त्यांचा मुद्दा. तुमच्या दिवसाची किंमत अशी शून्य लागली, पण वाईट वाटून घेऊ नका, वहिनींनी डब्यात भाकरी बांधून दिलीय.

ड्रायव्हर सीटवर चढतो, उदबत्ती लावतो, हॉर्न देतो. बोळात पुन्हा रंग खरवडला जातो. मेस्त्री गाडीबरोबर चालत त्याला ओरडून सांगतात, "पैली खेप टाकून सरळ हिकडं यायचं. यू-बोल्ट परत आवळायचं हाईत. इसरलास तर भोकातनंच मोडंल बघ." भार पडला की पाटे एकमेकांवर नीट बसतात, जागा होते आणि बोल्ट ढिले पडतात, ढिल्या बोल्टखाली पाटा नेमका सेंटर बोल्टच्या भोकापाशी हलायला लागतो. सकाळच्या चंद्रकोरीची सुरुवात बहुतेक तिथूनच झाली होती.

तुमच्याकडं ट्रक असेल, पिकअप असेल आणि त्याला नवे पाटे टाकले असतील, तर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पन्नास वर्षांत एवढं मात्र बदललेलं नाही.